तुती तोडली त्यानंतर

१ नोव्हेंबर, शनिवार

गावावरून आज सकाळी आलो. आई बॅगा खाली करत होती, पप्पा अंघोळीला गेले, मी पहिला बुटाचा खोका उघडला. जिवंत आहेत सगळ्या. बसमध्ये दादा सारखा विचारत होता, "ममते, खोक्यातून काय बाहेर नाही ना येणार?" ते ऐकून बाजूच्या माणसाने सीट बदलली.

रेशमाच्या अळ्या आहेत. चंपा आत्याने दिल्या. जालन्याकडे तिची तुतीची शेती आहे आणि अळ्यांची शेड. तिचे मिस्टर वारल्यापासून एकटीच बघते. दिवाळीत मी दिवसभर शेडमध्येच बसून होते. तिथे कोणी बोलत नाही. फक्त अळ्या पान खातात त्याचा आवाज, भाजी फोडणीला टाकल्यावर शेवटी शेवटी चरचरते ना, तसा. मला कोणी "काय गं, बोलत का नाहीस" असं विचारलं नाही. आत्या पण कमीच बोलते.

निघायच्या दिवशी ती पप्पांना म्हणाली, "नागोराव, पोरीला ठिव माझ्याकडं. मला एक माणूस पाहिजेच."

पप्पा हसले. "अगं, ती दुकानात जाऊन साबण मागत नाही. तिचा काय उपयोग?"

"अळ्यांना कुठं साबण लागतो?" आत्या म्हणाली.

मग ठरलं ते असं. मी घरी भाईंदरला एक बॅच काढायची. कोष झाले की मला आत्याकडे पाठवणार. नाही झाले तर फेब्रुवारीपासून स्टीलच्या गाळ्यात पॅकिंगला. गाळेवाला पप्पांच्या ओळखीचा आहे. तिथे मशीनचा आवाज इतका असतो की बायका एकमेकींशी ओरडून बोलतात. मी तिथे मरेन.

शाळेत नववीला सरांनी धडा वाचायला उभं केलं होतं. आवाज फुटेना. पूर्ण तास उभी ठेवली. शेवटी म्हणाले, "तोंड उघडायचं नसेल तर घरी बस." बसले घरी. सांगितलेलं ऐकलं, त्याचं पण सगळ्यांना वाईट वाटतं.

४ नोव्हेंबर

पप्पांशी भांडण झालं. म्हणजे मी एक वाक्य बोलले आणि त्यांनी दहा.

आत्याने दोनदा बजावलंय, तंबाखूवाल्या माणसाने अळ्यांच्या जवळ यायचं नाही. हाताला नुसता वास असला तरी मरतात. तिच्या शेडच्या दारावर तसं लिहिलंय. पप्पा गावची पुडी मळत खोक्यात वाकून बघत होते. मी पुडी हातातून ओढून घेतली आणि खिडकीबाहेर टाकली.

"बाप आहे मी तुझा!"

"अळ्यांचा नाही," मी म्हणाले. माझं मलाच कळलं नाही कुठून आलं.

आई बेसिनपाशी बोटाने मशेरी लावत उभी होती. तोंडात बोट तसंच ठेवून म्हणाली, "बरोबर बोलतेय ती. तंबाखू खाणाऱ्याने लांबच राहावं."

"आणि तुझी मशेरी काय चंदन आहे का?" पप्पा म्हणाले. "तंबाखूच भाजलेली ना?"

"मी खाते का? मी दात घासते."

बरोबर आहे तिचं. स्वतःचं सोडायचं नाही म्हणून आईवर ढकलतात. डोकंच फिरतं. तसं पण आई अळ्यांना हात लावत नाही, तिला किळस येते. लांबूनच बघते आणि अंग शहारल्यासारखं करते.

पानं बाजूच्या सोसायटीच्या भिंतीवरून येतात. तिकडे मोठं तुतीचं झाड आहे, अर्ध्या फांद्या आमच्या चाळीकडे. पान तोडायला कोणाशी बोलायला लागत नाही. हे सगळ्यात बेस्ट.

८ नोव्हेंबर

तोडलं.

सकाळी मशीनचा आवाज आला. मला वाटलं कोणाच्या घरी फरशीचं काम चालू आहे. गॅलरीत गेले तर झाड अर्धं खाली. फांद्या टेम्पोत भरत होते. खाली सेक्रेटरी उभा, मोबाईलवर फोटो काढत. मी धावत गेले. भिंतीपाशी उभी राहिले. तोंडात सगळं तयार होतं, अंकल थांबा, निदान पानं तरी द्या. आवाज नाही. परत तेच. नववीतलंच.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "क्या देख रही है? सब की गाडी खराब होती थी. बैंगनी दाग निकलता नहीं."

गाडीवर डाग. साबणाने जात नाही म्हणे. झाड कापून जातो.

टेम्पो गेल्यावर रस्त्यावर पडलेली पानं ओढणीत गोळा केली. ओला फडका गुंडाळून माठाजवळ ठेवलीत. दोन दिवस चालतील.

मी इतकी चिडलेय की पेनाने कागद फाटला, बघा.

११ नोव्हेंबर

पानं संपली. आत्याला फोन केला. ती म्हणाली, "दुसरं काय खात न्हाईत त्या. एकदा तुती चाखली की संपलं."

मी म्हटलं, ट्राय करते.

वडाचं पान घातलं. त्याच्यावरून चालत गेल्या. पिंपळ, उंबर, तेच. यूट्यूबवर एक बाई म्हणते अंजीर चालतं. दादाने कुठून तरी आणलं. एकीने कड चावली, मान मागे घेतली. आपण कडू औषध तोंडात धरतो ना, तशी. फणसाचं पान इतकं जाड की त्यांना जमलंच नाही. बीटाची पानं, पालक, कोबी. आईने मेथी पण दिली लांबून. "सगळ्यांना आवडते," म्हणाली.

त्या पानावर बसून राहतात आणि डोकं हलवतात. शोधतात. मला ते बघवत नाही. समोर एवढं हिरवं आणि त्या उपाशी.

१४ नोव्हेंबर

सगळ्या गेल्या. कागदात गुंडाळून मिठागराच्या बाजूला टाकून आले. दादा गाडीवर बसवून घेऊन गेला. येताना म्हणाला, "त्या सेक्रेटरीच्या गाडीवर मी जांभळा रंग ओतू का?"

पहिल्यांदा दादा आवडला.

पप्पा म्हणाले, "झालं ना? मी गाळ्यावर बोलून ठेवतो."

२० नोव्हेंबर

आत्याचा फोन. मी रडत होते, तिने रडू दिलं. मग म्हणाली, "ऐक. तुती न चाखलेल्या अळीला काय माहीत तुती काय असती. अंड्यातून निघाल्या निघाल्या दुसरं घाल. आमच्या चॉकीवाल्याकडं, म्हंजे बारक्या अळ्या वाढवून देतो त्याच्याकडं, एक साहेब सांगत होते, सॅलडची पानं खातात म्हणून. उशीर लागतो, कोष बारीक होतो. मी कधी केलं न्हाई. मला काय गरज?"

"मला आहे," मी म्हणाले.

"मग सहा डिसेंबरला गावची गाडी येणार हाय दादरला. त्यांच्या हाती अंडी पाठवते. कागदाला चिकटलेली असतात, मोहरीसारखी. ऊन लावू नको. आणि ममता, तिकडं तुती न्हाई म्हणून कोणी तुला माफ करणार न्हाई. कोष दाखव."

ही बाई अशीच आहे. पण खोटं बोलत नाही.

६ डिसेंबर

आई, पप्पा दादरला गेले. मी गर्दीत जात नाही म्हणून दरवर्षी घरी थांबते, मेणबत्ती इथेच लावते. आईने अंड्यांचा कागद ब्लाउजमध्ये ठेवून आणला, ऊन लागू नये म्हणून. "एवढ्या रेट्यात मी हात छातीवरच ठेवला होता," म्हणाली. "लोकांना वाटलं बाईला भरून आलंय."

किळस येते आणि छातीशी धरून आणते. आईचं काय कळत नाही.

१५ डिसेंबर

निघाल्या! काळे काळे केसासारखे तुकडे, हलणारे. मी सॅलडच्या पानाची कोवळी बाजू चिरून ठेवली होती. दोन तास काही नाही. मग बारीक भोकं दिसली पानाला.

खातायत. त्यांना माहीतच नाही तुती काय असते.

पानं दादाने आणलीत. तो हॉटेलची पार्सलं पोचवतो. एका बर्गरवाल्याकडून उरलेली बाहेरची पानं मागून घेतो. "माझ्या कस्टमरपेक्षा तुझ्या अळ्या जास्त लेट्यूस खातात," म्हणाला. "रेटिंग तरी द्यायला सांग."

२१ डिसेंबर

दादाची पानं बंद केली. ती गोल कोबीसारखी पांढरी असतात, नुसतं पाणी. अळ्यांची पोटं बिघडली, खोक्यात चिकट घाण, बऱ्याच गेल्या. फ्रीजमधलं थंड पान पण घालायचं नसतं, मला कोणी सांगितलं नाही. मी दादावर ओरडले. तो म्हणाला, "फुकट आणतो त्याचं पण ऐकून घ्यायचं?" आणि जेवला नाही.

आईने रस्ता काढला. आमच्या नाक्यावर कृष्णाबाई बसते, समुद्राकडच्या तारोडी गावाहून येते, सुकट आणि बोंबील घेऊन. तिच्या नणंदेची बाजूच्या डोंगरी गावात वाडी आहे. तिकडच्या रिसॉर्टवाल्यांसाठी ती सॅलडची हिरवी, मोकळी पानं लावते. आई तिच्याशी बोलली. मी आईच्या मागे उभी.

कृष्णाबाई मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "किड्यांना घालाला सॅलड? आमच्या पोरांना न्हाय मिलत." मग हसली. "आनीन गो. औषध न्हाय मारत आमी. घरचा हाय."

मला मान हलवून थँक्यू म्हणायचं होतं, ते पण झालं नाही.

२८ डिसेंबर

कृष्णाबाईची पानं एकदम भारी. पहाटेच्या पहिल्या बसने येते, जाता जाता आमच्या दारात जुडी ठेवते, ओल्या फडक्यात. अळ्या दुप्पट झाल्या. पांढऱ्या, मऊ. दोनदा कात टाकली. मी त्यांच्या अंगावर फुंकर पण घालत नाही.

आता ऐका मोठी बातमी. आईने हात लावला! मला ताप होता दोन दिवस. उठले तर आई खोक्यापाशी बसलेली, एकेक पान पुसून ठेवतेय. एक अळी तिच्या बोटावर चढली होती. आई म्हणाली, "किती गार लागते गं. आणि पाय बघ, लहान बाळाने बोट धरल्यासारखे."

म्हणाली, "पहाटेचं मी घालत जाईन. मी तशी पण उठतेच. तू झोप."

पप्पा तंबाखू गॅलरीच्या टोकाला जाऊन खातात. मी हात धुवायला लावते, तरी खोलीत अळ्यांच्या बाजूने जाऊ देत नाही. एवढी काळजी कोणी घेणार नाही.

२ जानेवारी

काल सकाळी काही मेलेल्या होत्या. मला वाटलं कात टाकताना अडकल्या. आज परत. मेलेल्या पण नाही नुसत्या. मान वर करून डोलत होत्या, तोंडातून हिरवं-काळं पाणी काढत होत्या. मग आखडून अर्ध्या होतात आणि पडतात. दुपारी मी घालते तेव्हा ठीक. सकाळीच होतं. सकाळचं पान ताजं असतं, आत्ताच डोंगरीहून आलेलं.

म्हणजे काय ते सरळ आहे. पानांवर काहीतरी आहे. औषध मारलंय.

आई तर माझ्याहून जास्त घाबरलीय. हुंदके देत होती. म्हणाली, "मी तर पुसून पुसून घातली गं पानं. एकेक पान हाताने पुसलं."

तिने एवढं पुसून पण जात नाही म्हणजे किती मारलं असेल औषध.

३ जानेवारी

आज अर्ध्या गेल्या.

मेलेल्या सगळ्या कागदावर घेतल्या आणि नाक्यावर गेले. गेले म्हणजे पाय आपोआप गेले. कृष्णाबाई सुकट मोजून देत होती, समोर दोन-तीन बायका. मी कागद तिच्या सुकटीच्या टोपलीत उलटा केला.

"बघा! तुम्ही मारल्या! औषध नाही म्हणालात ना? खोटारड्या! रिसॉर्टवाल्यांना पण हेच घालता का?"

मी ओरडत होते. मी. पूर्ण नाका बघत होता. केळीवाला भैया उभा राहिला. आवाज थांबतच नव्हता, इतक्या वर्षांचा साठलेला. सरांचं, सेक्रेटरीचं, सगळं बाहेर आलं, तिच्या अंगावर.

कृष्णाबाई अळ्यांकडे बघत राहिली. मग वर बघून म्हणाली, "तुला बोलता येतं? मना वाटला तू मुकी हायस."

बायका हसल्या. ती नाही हसली. "औषध मी न्हाय मारला," एवढंच म्हणाली आणि टोपलीवर कापड टाकलं. सुकट गेली सगळी. मेलेले किडे पडलेली सुकट कोण घेणार?

मला अजिबात वाईट वाटत नाही. मी घरी येऊन पाणी प्यायले आणि मला हलकं वाटलं. खरं सांगते.

५ जानेवारी

आत्याचा फोन. स्पीकरवर होता, माझे हात अळ्यांच्या घाणीत. आई बाजूला तवा घासत होती. काल तिने मशेरी भाजली होती त्यावर. खोकून खोकून आम्ही बाहेर, मी खोका गॅलरीत नेला होता.

मी आत्याला सगळं सांगितलं, औषध, कृष्णाबाई.

आत्या म्हणाली, "मान वर करून डोलायल्यात का?"

"हो."

"तोंडातून पाणी?"

"हो."

"मग औषध न्हाई ते. तंबाखू हाय. घरात तंबाखूचा हात कोणाचा लागतोय?"

"पप्पांना मी जवळ येऊ देत नाही. पुडीच टाकून दिली."

"मग अजून कोणाचा तरी. जो पान घालतो त्याचा. मी डोळ्यानं बघितलंय असं मरताना. नीट बघ."

"कोणाचाच नाही, आत्या! मी आणि आई, बस."

आत्या "बरं," म्हणाली. "सरोजा हाय का तिथं?"

आई म्हणाली, "आहे." तेवढं ऐकून आत्याने फोन ठेवला. आई तवा घासतच राहिली, कधीचा स्वच्छ झाला होता.

आत्याला पण सगळं माहीत असतं असं नाही. तिने सॅलड कधी केलंय? औषधच आहे.

६ जानेवारी

आई म्हणाली, "ममता, आजपासून सकाळचं पण तूच घाल. मला नाही जमत."

मी म्हटलं, "का?"

"किळस येते."

आता? एवढे दिवस बोटावर घेऊन बसायची आणि आता किळस? अर्ध्याच राहिल्यात म्हणून हात वर केले तिने. पप्पांसारखंच. सगळे सारखेच.

कृष्णाबाईची उरलेली जुडी धुऊन धुऊन दोन दिवस पुरवली होती. आता पानाचं काय विचारलं तर म्हणाली, "स्टेशनच्या बाजारात मिळतात, मी आणत जाईन."

१० जानेवारी

एक पण मेली नाही. तीन दिवस झाले. म्हणजे मीच बरोबर होते. पानं बदलली, मरणं थांबलं. आत्याला मेसेज केला, बघ, औषधच होतं. तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

आई बाजारातून पानं आणते, त्यांना सुकटीचा वास येतो. मी म्हटलं, भाजीवाला कोळणीच्या बाजूला बसतो वाटतं. आई म्हणाली, "हो, बाजूलाच." तीन पाण्याने धुऊन, सुकवून घालते. अळ्यांना फरक पडत नाही, खातात.

पण आईचं काय चाललंय? दिवसभर चिडचिड. काल दादाने चहा सांडला तर वाटी फेकली. पप्पांना म्हणाली, "माझ्याशी बोलू नका, डोकं फुटतंय." गालावर हात ठेवून बसते, तोंडात लवंग. हात थरथरतात, बांगड्यांना खडे चिकटवायचं काम आणलंय घरी, ते वाकडे लागतायत. शेठने परत केले. सकाळी बेसिनपाशी नुसती उभी राहते, नळ चालू ठेवून.

मला राग येतो. माझं सगळं अडकलंय या अळ्यांवर, आणि घरात प्रत्येकाला स्वतःचं.

१७ जानेवारी

आज मी बोलले. म्हटलं, "तुला नको असेल मी जायला तर तसं सांग. मदत तर बंद केलीस, आता तोंड पण सुजवून बसतेस. मी गाळ्यात गेले की तुला बरं वाटेल ना?"

आईने पदराने तोंड पुसलं आणि बाहेर गेली. दुपारी आली तेव्हा तिच्या हातांना सुकटीचा वास येत होता. म्हटलं कुठे गेली होतीस, तर म्हणाली, "निवडायला."

"काय निवडायला?"

"काही नाही."

जाऊ दे. मला कोणी काही सांगत नाही, मी पण नाही विचारणार.

अळ्या माझ्या करंगळीएवढ्या झाल्यात. आत्याच्या शेडमधल्या यापेक्षा जाड होत्या. पण आवाज येतो आता, कान लावला की. फोडणीचा.

२६ जानेवारी

खाणं बंद. अंग पिवळट, काचेसारखं झालंय. मान वर करून डोलतायत. मी किंचाळलेच, वाटलं परत तेच. आत्याला व्हिडिओ कॉल. ती हसली. मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

"अगं येडे, आता कोष करायला जागा शोधायल्यात. मरणाचं डोलणं येगळं, हे येगळं. चंद्रिका दे त्यांना."

चंद्रिका म्हणजे कोष विणायची जाळी. माझ्याकडे नाही. दादाने अंड्यांचे ट्रे आणले, मी त्यात झाडूच्या काड्या उभ्या केल्या. एकेकीला उचलून ठेवली. पप्पा दारातून बघत होते, हात मागे बांधून. "येऊ का?" म्हणाले. हात धुऊन आलेले, कोपरापर्यंत ओले.

आई आली नाही. दाराच्या मागे होती, साडी दिसत होती.

३० जानेवारी, शुक्रवार

कोष.

शेंगदाण्यापेक्षा थोडे मोठे. काही वाकडे, काही इतके पातळ की आत दिसतं. पण कोष. पप्पांनी स्वतः आत्याला फोन लावला. मी एक कॅमेऱ्यासमोर धरला.

"बारीक हायेत," आत्या म्हणाली. "बाजारात कोणी उचलणार न्हाई. पण कोष हायेत. नागोराव, पोरगी पाठव."

पप्पा म्हणाले, "पाठवतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाळेवाल्याला मी सांगतो काहीतरी."

मला नाचावंसं वाटत होतं. मी आईला हाक मारली, "ये ना, बघ तरी." ती बेसिनपाशी गेली. साबणाने हात धुतले. परत धुतले. मग येऊन माझ्यासमोर दोन्ही हात पुढे केले, तळवे वर.

"आधी वास घे," म्हणाली.

"कशाचा?"

"घे तर."

मी वाकले. साबणाचा वास. खाली थोडा सुकटीचा. बस. आणि मला तेव्हा कळलं, काय नाहीये ते. लहानपणापासून आईच्या हाताला जो वास आहे तो. मी आजारी असले की कपाळावर तो वास यायचा. मला तो तंबाखूचा कधी वाटलाच नाही. आईचा वाटायचा.

सगळं एकदम आलं. पहाटेचं ती घालायची, मशेरी लावून झाल्यावर. एकेक पान हाताने पुसून. मान वर करून डोलणाऱ्या त्या. तवा. लवंग. फेकलेली वाटी.

"सोडलीस?"

"त्या दिवसापासून. फोन आला त्या."

"मला सांगितलं का नाहीस?" मी ओरडले. खरंच ओरडले, पप्पा दचकले. "मी काय काय बोलले तुला! का नाही सांगितलंस?"

"काय सांगू?" आई म्हणाली. "माझ्या हाताने मारल्या म्हणून सांगू?"

तिचे हात अजून पुढेच होते.

"आणि पानं?"

आई खाली बघत म्हणाली, "तीच आणायचे मी. कृष्णाबाईकडचीच. मी जाऊन सांगितलं तिला, पोरीचं चुकलं नाही, माझं चुकलं. तिची टोपली गेली म्हणून चार-पाच दुपारी बसले तिच्याबरोबर सुकट निवडायला. ती म्हणाली, पोरीला सांगू नको, तिचा आवाज परत जाईल."

मी एक कोष उचलला आणि आईच्या तळहातावर ठेवला. तिने बोटं मिटली नाहीत, तसाच धरून उभी राहिली, गरम भांडं धरल्यासारखी.

मी अजून चिडलेली आहे. आईवर, कारण तिने एकटीने सोसलं आणि मला बावळट बनवलं. पप्पांवर, कारण ते पहिल्या भांडणात मशेरीबद्दल बरोबर बोलले होते आणि नंतर गप्प बसले. आणि स्वतःवर, त्या बेसिनपाशी तिच्या बाजूला मी पण रोज उभी असायचे ना, डोळे होते ना मला.

गावची गाडी रविवारी आहे. म्हणजे उद्याचा एकच दिवस. कृष्णाबाई नाक्यावर असेल. मला माहीत आहे, तिथे गेल्यावर घसा बंद होणार. हळू बोलून, कानात बोलून चालणार नाही. जितक्या मोठ्याने खोटारडी म्हटलं, केळीवाल्याला ऐकू जाईल इतकं, तितक्याच मोठ्याने बोलायचंय.

आई म्हणाली, मी येऊ का बरोबर?

नको म्हटलं.